झाकण लावल्यावर

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला आधी घरातल्यांची खुशाली लिहावी असं शाळेत शिकवलं होतं, आणि शाळेतलं माझ्या डोक्यात राहिलेलं बहुधा तेवढंच. तर आई खुशाल. जिन्यातलं मांजर खुशाल, फक्त त्याच्या एका बाजूच्या मिश्या गेल्यात. कशा गेल्या ते कोणी सांगत नाही. बाबाही ठीक.

मी घरी आहे. दोन दिवसांसाठी आलो होतो, ते लांबलं. आई म्हणाली, "काय रे, पायाची भिंगरी गंजली का?" मी म्हटलं, तेल घालतोय. गुरुवारी निघणार आहे. एक तंबूवाला भेटलाय, प्रदर्शनांना मोठमोठे तंबू उभारून देतो. त्याला खुंट ठोकायला माणूस हवाय. खुंट सरळ नाही ठोकायचा, दोरीच्या उलट बाजूला कलता ठोकायचा, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. आणि ओल्या मातीत तर... असो, विषय तो नाही.

विषय तुझा लॅपटॉप. तोच, ज्याच्या कोपऱ्यावरची चीर तू लाल नेलपॉलिशने बुजवली होतीस. तू जाताना त्यावर ती फुकटातली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली सिस्टीम टाकून गेलीस ना, ती इतके दिवस बरी चालली. आता तिला काहीतरी झालंय. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो. ते ठीक, झोपायलाच हवा. पण झाकण उघडलं की जागा होत नाही. कधी पडदा काळाच राहतो आणि आत पंखा घुं घुं करत असतो. कधी सगळं दिसतं, बाणही दिसतो, पण हलत नाही. फोटो काढून चिकटवल्यासारखं. मग बटण दाबून धरायचं, तो मरतो, पुन्हा चालू करायचा, आणि टाइप केलेलं सगळं गेलेलं असतं.

गंमत म्हणजे दर वेळी असं होत नाही. पाणी पिऊन येईपर्यंत झाकण लावलं तर उठतो. अंघोळ करून आलं तर नाही. काल अंघोळीनंतरही उठला. मला काही टोटल लागत नाही.

तू म्हणशील, मग लावू नका झाकण. तेवढं सोपं असतं तर तुला कशाला त्रास दिला असता. घरात तो लागतो, रोज लागतो, आणि मला निघायच्या आधी तो नीट झालेला हवा. त्यामुळे काय करू ते कळव.

फोन का नाही केला, मोबाईलवर अंगठा दुखेपर्यंत पत्र काय लिहितोय, असं विचारशील. फोनवर तू प्रश्न विचारतेस. पत्रात मला गल्ली बदलता येते.

तुझा,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. अगदी बाबांवर गेलीस. हे वाक्य तुला आवडणार नाही, म्हणून एकदाच लिहितो.

तू सांगितलंस तसं केलं. चालू होताना बटण दाबून धरलं, यादी आली, त्यातून सिस्टीमचा जुना गाभा निवडला. कर्नल म्हणालीस ते तेच ना? अपडेटबरोबर नवा आला असेल आणि तोच बिघडला असेल, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. सकाळभर काडेपेटीसारखं उघड-मीट केलं. प्रत्येक वेळी उठला. मी आईला म्हटलं, बघ, ताईने तिकडून दुरुस्त केला. आई कणीक मळत राहिली. जेवणानंतर पुन्हा काळा पडदा.

आता माझी चूक ऐक. तुझं उत्तर यायला वेळ लागला, तेव्हा मी या सिस्टीमवाल्यांचं एक चर्चापान शोधलं आणि तिथे जो जे सांगेल ते करत गेलो. एकाने सांगितलं वायफायची वीजबचत बंद कर. केली. दुसऱ्याने सांगितलं डिस्कवरची राखीव जागा वाढव. वाढवली. मग तुझा जुना गाभा. त्यामुळे सकाळी कशाने बरा झाला आणि दुपारी कशाने आजारी पडला, देव जाणे.

त्या पानावर एकजण आहे, 'मुंगूस' नावाने लिहितो. बाई आहे की बाप्या तेही ठाऊक नाही. तो मला म्हणाला, "तीन औषधं एकदम घेतलीस, आता पोट कशाने दुखतंय ते कोण सांगणार? सगळं होतं तसं कर. मग एकच बदल. झाकण लाव, फिरून ये, उघड, मला सांग. मगच दुसरा." मी म्हटलं, मला गुरुवारी निघायचंय. तो म्हणाला, "मग गुरुवारी बिघडलेला सोडून निघ."

असं कोणी माझ्याशी बोललेलं मला खरं तर आवडत नाही. पण बसलो. तंबूवाल्याला सांगितलं, पुढच्या गावाला गाठतो.

तू विचारलंस की लॅपटॉप एवढा कोण वापरतं. मी वापरतो, प्रवासातल्या गोष्टी लिहितो, असं उत्तर मी तयार केलं होतं. पण तू मला ओळखतेस. आणि काल नळाच्या गळतीवरून आई-बाबांचं वाजलं, बाबांनी झाकण आपटलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. परत येऊन उघडलं तर

इथे मांजर मोबाईलवर चढलं. त्याला एका बाजूने अंदाज येत नाही, सारखं आपटतं.

हो, बाबा टाइप करतात हल्ली. दोन बोटांनी. टीव्हीचा रिमोट हातात धरायला नको म्हणणारा माणूस, पण शिकला. टाइप करताना उजवा पाय टेबलाखाली सारखा दाबत असतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून जो जादा ब्रेक दाबायचे, तोच. अक्षर चुकलं की ब्रेक.

बाकी ठीक. पुढचा बदल करून कळवतो.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं एका ओळीचं पत्र सकाळीच आलं. "बाबा टाइप का करतात?"

त्यानंतर मी चपला दुरुस्तीला टाकल्या, चपला दुरुस्त होईपर्यंत समोरच्या बाकावर बसलो, मग उगाच बसस्थानकापर्यंत जाऊन आलो. एक बस निघत होती, पाटी वाचली, चढलो नाही. आता घरी गच्चीवर बसून लिहितोय. खाली बाबा गाडी पुसताहेत. ती आता कित्येक दिवस उभी आहे, तरी रोज पुसतात.

ताई, बाबांचा आवाज गेला. घसा बसलाय वगैरे नाही, गेलाच. हिवाळ्याच्या सुरुवातीला घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. गाठ सगळी निघाली, डॉक्टर म्हणतात धोका टळला. जेवतात, फिरतात, वजन थोडं उतरलंय. श्वास गळ्यापाशी केलेल्या भोकातून घेतात, तिथे मऊ रुमाल बांधतात. आईने सगळे रुमाल एकाच रंगाचे आणले म्हणून तिच्यावर चिडले होते. म्हणजे तब्येत बरी आहे, हे तुला कळेल.

तुला का नाही सांगितलं, ते आता ऐक. दवाखान्यातून आल्यावर आईने फोन हातात घेतला, तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं आणि पाटीवर लिहिलं, "तिला नाही. दया आली म्हणून फोन केलेला नको." आई म्हणाली, अहो, पोरगी आहे तुमची. त्यांनी त्याच ओळीखाली रेघ मारली. मला हे आईने मी आल्यावर सांगितलं, आणि मलाही शपथ घातली. शपथ मोडतोय. काय होईल ते होवो.

तू मध्ये दोनदा फोन केलास, बाबा आहेत का विचारलंस, आई म्हणाली बाहेर गेलेत. तुला मागे त्यांची बोटं टेबलावर वाजताना ऐकू आली. स्टिअरिंगवर वाजवायचे तशी. तू मला तेव्हा लिहिलं होतंस, "माणूस शेजारी बसून बाहेर गेलाय म्हणून सांगतो, इतका राग." ते वाचून मी पुढच्या गावी निघून गेलो होतो, कारण मला वाटलं तुमचं तुम्ही बघा. तू त्यांची ड्रायव्हिंग स्कूल सोडून कॉम्प्युटरच्या नोकरीला गेलीस, ते म्हणाले जा, पण मग मला फोन करायचा नाही, आणि तू अक्षरशः तेच केलंस, वर्षभर आईशीच बोललीस. दोघांची डोकी एकाच भट्टीतली. मधल्या माणसाने काय करायचं?

ती बोटं मात्र रागाने वाजत नव्हती, ताई. तुझा आवाज ऐकत होते. आई फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवते.

आता लॅपटॉपचं. तू टाकलेल्या सिस्टीमवर टाइप केलेलं बोलून दाखवायची सोय आहे, मराठीतही. आईने तुझ्या जुन्या कपाटातून लॅपटॉप काढला आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी ती सोय चालू करून दिली. आवाज म्हणजे काय सांगू. पत्र्याच्या डब्यात बसून कोणी बातम्या वाचतंय असा. "चहा दे" आणि "तुला अक्कल नाही" एकाच सुरात. ओरडायचं असलं की बाबा आवाजाचं बटण वाढवतात, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर आई दुसऱ्या खोलीत गेलेली असते.

एकदा शिकवायलाही गेले. आईने नको म्हटलं तरी. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई शिकत होत्या, त्या म्हणाल्या, आम्हाला काय, तुम्ही नुसते शेजारी बसा. बाबा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. वळणावर त्यांनी "ब्रेक" टाइप केलं. लॅपटॉपने "ब्रेक" म्हटलं तेव्हा गाडी फुटपाथवर चढून उतरलीही होती. धक्क्याने झाकण मिटलं ते मिटलंच. शिंपीणबाई सांगत होत्या, "पाय त्यांनी वेळेवर दाबला हो, म्हणून वाचलो. तोंड मात्र मागाहून आलं." बाबाही हसले म्हणे. त्यानंतर गाडी उभी केली ती आजपर्यंत.

आणि झाकण. आवाज होता तेव्हा बाबा भांडण कसं संपवायचे आठवतं? शेवटचं वाक्य टाकायचं आणि खोलीबाहेर. आता शेवटचं वाक्य टाइप करतात, बोलून झालं की झाकण आपटतात. मग थोड्या वेळाने गरमी उतरते, परत येतात, उघडतात. आणि काळा पडदा. त्या दिवशी नळावरून भांडण झाल्यावर असंच झालं. आईही तापलेली. ती म्हणाली, "आता बोला." बोलून गेली आणि मग तिचं तिलाच काहीतरी झालं, ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली. बाबांनी टेबलावर बोटं वाजवली, हळू. तिने वळून पाहिलं नाही, पण गळका नळ घट्ट आवळला. त्यांचं ते भांडण तिथे मिटलं असावं.

म्हणून मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी दुरुस्त करतो. तर ती काय म्हणाली ऐक. "राहू दे तसाच."

मी म्हटलं, "अगं, म्हणजे?"

"झाकण लावलं की बंद पडतं हे त्यांना कळलंय आता. दोन दिवस झाले, लावत नाहीत. उघडा ठेवून बसतात, गरम गरम ताटासारखा घरभर घेऊन फिरतात. भांडण झालं तरी समोर बसून पूर्ण ऐकतात माझं. एवढ्या संसारात पहिल्यांदा. तू दुरुस्त करशील आणि माझं सुख घालवशील."

आता सांग, मी काय करायचं? मला हसावं की काय तेही कळेना.

पण दुरुस्त करावाच लागेल, कारण बाबा तुझ्यासाठी काहीतरी टाइप करतात. मी वाचलेलं नाही. वर "ताई" लिहिलेलं दिसलं तेवढं. ते स्वतः तुला कधी ताई म्हणत नसत, पण माझ्यामुळे त्यांच्याही तोंडात बसलंय बहुतेक. मोठं लिहितात, मधेच थांबतात, पुढचं सुचत नाही, आणि लावायचं नाही हे विसरून सवयीने झाकण लावून उठतात. तेव्हा कोणाशी भांडण नसतं, तरी. परत येतात तर सगळं गेलेलं. बोलायच्या खिडकीत लिहिलेलं सेव्ह होत नाही, दुसरीकडे लिहा म्हटलं तर मान हलवतात. तीनदा तरी असं गेलं असेल. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं एक दिवस ते पुन्हा लिहिणारच नाहीत. तीच मला भीती आहे, आणि त्यासाठीच मी अजून इथे आहे.

मुंगसाला हे सगळं आधीच सांगितलंय. त्याने विचारलं होतं, इतकं झाकण लावतं कोण, आणि मी सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगता येतं. त्याने लॅपटॉपचं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "लॅपटॉप बहिणीचा आहे ना? मग हे तिला का नाही सांगत?"

तर सांगितलं. रागाव माझ्यावर. पण अजून फोन करू नकोस, दोन-तीन दिवस दे. तुझा फोन आला आणि त्यांच्या हातात काळा पडदा असला तर ते मला सहन व्हायचं नाही.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं लांब पत्र पोचलं. पहिल्यांदाच पान उलटल्यासारखं खाली सरकवावं लागलं. ते बाबांना दाखवलेलं नाही, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. शिव्या मला मान्य आहेत.

लॅपटॉप सापडला. म्हणजे रोग सापडला. मुंगूस म्हणाला होता तसं एकेक करून पाहिलं. वायफायचा दोष नव्हता. राखीव जागेचा नव्हता. तू म्हणत होतीस तो नवा गाभाही अर्धाच दोषी. या लॅपटॉपला झोपायचे दोन प्रकार येतात. एक गाढ झोप, ज्यात जवळजवळ सगळंच बंद होतं. दुसरी डुलकी, ज्यात पडदा काळा होतो पण आत थोडी धुगधुगी राहते. त्या अपडेटनंतर तो गाढ झोपायला लागला होता, आणि चित्र दाखवणारी चिप गाढ झोपेतून उठताना अडकत होती. लहान झोपेत फारसं अडकायचं नाही, म्हणून पाणी पिऊन आलं की उठायचा. मुंगसाने एक ओळ दिली, चालू होतानाच्या आज्ञांमध्ये घालायची. डुलकीच घे, गाढ झोपू नकोस, असा तिचा अर्थ. बॅटरी थोडी जास्त खाईल म्हणाला.

घातली. झाकण लावलं, बाजारात जाऊन आलो, उघडलं. उठला. रात्रभर लावून ठेवला, सकाळी उठला. आईने धुणं वाळेपर्यंत लावून ठेवला, उठला. आई म्हणाली, "झालं माझं राज्य." पण हसत होती.

मग बाबांना बोलावलं. त्यांनी "नमस्कार चालक" टाइप केलं, ते शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी म्हणायचे ते. झाकण आपटलं, चांगलं भांडणातल्यासारखं. थांबले. उघडलं. सगळं जागच्या जागी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, म्हटलं आता पाठीवर थाप पडणार.

त्यांनी टाइप केलं, आणि डब्यातला माणूस म्हणाला, "आता असं कर. झाकण लावल्यावर काहीच होऊ नये. झोपू नये."

मी म्हटलं, "बाबा, अहो, इतके दिवस त्यासाठीच डोकं फोडतोय ना. आता झोपतो, उठतो."

"नको. झाकण लावलं तरी चालू राहू दे. बोलत राहू दे."

ताई, मला खरंच कळलं नाही. वाटलं, माझे कष्ट गेले. मुंगसाला विचारलं, तो म्हणाला, ते तर सर्वांत सोपं, सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची, तुला आधीच सांगितलं असतं. मी जरा फणफणलो. पण केलं.

मग ते जेवणाच्या टेबलाशी बसले. ऊन अजून खिडकीतच होतं. पुष्कळ वेळ टाइप केलं, पाय टेबलाखाली ब्रेक दाबत होता. मी गच्चीच्या दारात होतो, आई भाजी निवडत होती. आम्ही दोघं दुसरीकडे पाहतोय असं दाखवत होतो. त्यांनी बोलायचं बटण दाबलं, आवाज सुरू झाला, आणि त्याचा पहिला शब्द पूर्ण व्हायच्या आत त्यांनी झाकण लावलं. हळू. आपटलं नाही. चप्पल घातली आणि जिना उतरून गाडीपाशी गेले.

आणि लॅपटॉप बोलत राहिला, ताई. झाकणाखालून, पांघरुणात बोलावं तसा. आईने लगेच नळ पूर्ण सोडला आणि रिकामं पातेलं घासायला घेतलं. मी गच्चीत जाऊन दार लावून घेतलं. ते आमच्यासाठी नव्हतं. खाली बाबा गाडीची काच पुसत होते, एकच काच, आणि मधून मधून वर खिडकीकडे पाहत होते. संपलं की नाही बघायला.

तेव्हा मला कळलं ते काय मागत होते. जे बोलायचंय ते बोलताना त्यांना समोर बसायचं नाहीये. पण मध्येच तुटायलाही नकोय.

परवा, रविवारी सकाळी, आईच्या फोनवरून तुला फोन येईल, आणि बाबांनी लिहिलेलं लॅपटॉप तुला बोलून दाखवेल. मी त्यांना सांगितलं, ताईला सगळं माहीत आहे, मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी पिशवीच भरायला घेतली होती. मग टाइप केलं, "मूर्ख." आणि थोड्या वेळाने, "किती वाजता उठते ती?"

आवाज तुझ्या ओळखीचा नसेल. "पोरी" आणि "पेट्रोल" एकाच सुरात म्हणेल. मधे गप्प झाला तर मशीन अडकलं असं समजू नकोस. बाबांनी टाइप करताना रिकाम्या ओळी सोडल्यात, तिथे तो थांबतो. का सोडल्यात ते मी विचारलं नाही. तू फक्त फोन ठेवू नकोस. शेवटी काही बोलायचं असलं तर बोल, नसलं तर नुसती टेबलावर बोटं वाजव. ते समजतील.

ते खाली गाडीपाशी असतील. तू बोलायला लागलीस की मी वरून हाक मारणार आणि ते जिना चढेपर्यंत झाकण उघडून ठेवणार, कारण त्यांना उत्तर द्यायचं असेल. एवढ्यासाठी कोणीतरी घरात लागतं. तंबूवाला पुढे गेला, जाऊ दे. खुंट काय, कोणीही ठोकेल.

टेबलाशी, झाकणाजवळ बसलेला,
तुझा
भिंगरी